दिवाणी प्रश्न शेवटाकडून सोडवा : कायद्याच्या पहिल्या वर्षासाठी सविस्तर मार्गदर्शन

दिवाणी कायद्याचा प्रश्न समोर आला की विद्यार्थी बहुधा व्याख्येपासून सुरुवात करतो. करार म्हणजे काय, हक्क म्हणजे काय, मालकी आणि ताबा यांत फरक काय. वकिली करणारा माणूस उलट्या टोकाला बसलेला असतो. अशील बोलत असताना त्याच्या डोक्यात एकच प्रश्न चालू असतो : याला हुकूमनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या अंतिम आदेशात, शेवटी काय लिहून हवे आहे? तेवढे ठरले की कोणावर दावा लावायचा, कुठे लावायचा, किती दिवसांत लावायचा आणि काय शाबीत करायचे, हे त्यातूनच निघत जाते. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत. दिवाणी प्रक्रिया संहिता 1908, करार अधिनियम 1872, मालमत्ता हस्तांतरण अधिनियम 1882, मुदत अधिनियम 1963 आणि विशिष्ट अनुतोष अधिनियम 1963 ही पाच पुस्तके शेजारी उघडी ठेवून वाचा. 1872 च्या पुरावा कायद्याची जागा 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 ने घेतली आहे. त्यामुळे जुन्या नोट्समधील कलमांचे क्रमांक तपासल्याशिवाय लिहू नका.

एक उदाहरण हाताशी ठेवू

मिरज तालुक्यात ब चा एक बिगरशेती प्लॉट आहे. 10 मार्च 2022 रोजी ब ने तो 30 लाख रुपयांना विकण्याचे नोंदणीकृत साठेखत अ ला करून दिले आणि 5 लाख इसार घेतला. खरेदीखत 10 सप्टेंबर 2022 पर्यंत करायचे ठरले. ब टाळाटाळ करू लागला. आता तोच प्लॉट तो क ला विकायला निघाला आहे, असे अ च्या कानावर आले. अ आणि ब दोघेही पुण्यात राहतात. साठेखतावर सह्या पुण्यात झाल्या, इसारही तिथेच दिला.

पहिली पायरी : हे दिवाणी आहे का, आणि हक्क आहे का

फौजदारी खटल्यात सामान्यतः राज्य आरोपीला शिक्षा मागते आणि गुन्हा वाजवी संशयापलीकडे शाबीत करावा लागतो. दिवाणी दाव्यात ज्याचा हक्क दुखावला तो स्वतः येतो आणि भरपाई, ताबा, मनाई असे काहीतरी मागतो. तिथे संभाव्यतेचे पारडे आपल्या बाजूला झुकले की पुरते. एकाच घटनेतून दोन्ही निघू शकतात. चेक न वटल्यास परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम 138 खाली फौजदारी तक्रार होते आणि त्याच पैशासाठी संहितेच्या आदेश 37 खाली संक्षिप्त दावाही लावता येतो. मात्र दोन्हींची घड्याळे वेगळी आहेत. 138 साठी बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस द्यावी लागते, नोटीस मिळाल्यावर पैसे देण्यासाठी 15 दिवस असतात आणि ते उलटल्यावर एका महिन्यात तक्रार दाखल करावी लागते. पैशाच्या दाव्याला साधारणपणे तीन वर्षे मिळतात.

दुसरी चाळणी हक्काची. तोटा झाला म्हणजे दावा होतो असे नाही. 1410 च्या ग्लॉस्टर शाळेच्या इंग्लिश प्रकरणात शेजारी नवी शाळा निघाल्यामुळे जुन्या शिक्षकांना फी उतरवावी लागली. नुकसान खरे होते, पण कायदेशीर हक्क कोणताच मोडला नव्हता, म्हणून उपाय मिळाला नाही. 1703 च्या अ‍ॅशबी विरुद्ध व्हाइटमध्ये उलटे झाले. मतदाराला मत देऊ दिले नाही, त्याचा उमेदवार तरीही निवडून आला, तरी हक्क मोडला म्हणून दावा टिकला. परीक्षेत ही जोडी हमखास विचारतात. कोर्टात तिचा उपयोग एवढाच, की अशिलाच्या रागातून त्याचा हक्क वेगळा काढता येतो.

दुसरी पायरी : मागणी ठरवा

सर्वांत जास्त दावे इथे बिघडतात, म्हणून इथे थांबून विचार करा. दिवाणी कोर्ट जे देते त्याचे प्रकार मोजकेच आहेत : पैसे किंवा नुकसानभरपाई, ताबा, घोषणा म्हणजे हक्क ठरवून देणे, मनाई हुकूम, कराराची प्रत्यक्ष पूर्तता, वाटप आणि हिशेब.

आपल्या उदाहरणात नवखा विद्यार्थी लिहितो : “अ हा मालक असल्याचे घोषित व्हावे.” हे चूक आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम 54 स्पष्ट सांगते की साठेखताने मिळकतीत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मिळकत विकली जाते ती नोंदणीकृत खरेदीखतानेच. म्हणजे अ अजून मालक नाही. त्याच्याकडे फक्त ब कडून करार पुरा करून घेण्याचा हक्क आहे. मागणी मग अशी होते : ब ने उरलेले 25 लाख घेऊन खरेदीखत करून द्यावे, प्लॉटचा ताबा द्यावा, दाव्याच्या निकालापर्यंत प्लॉट दुसऱ्याला विकू नये. आणि पर्यायी मागणी म्हणून 5 लाख इसार व्याजासह परत द्यावा.

ती शेवटची ओळ विसरू नका. विशिष्ट अनुतोष अधिनियमाचे कलम 22 म्हणते की ताबा किंवा इसाराची परतफेड मागितली असेल तरच कोर्ट देईल. पूर्तता नाकारली गेली आणि इसार मागितलेलाच नसेल, तर अ हात हलवत परत येईल. सुदैवाने त्याच कलमात दुरुस्तीने ही मागणी नंतर घालण्याची मुभा आहे. पण ती दुरुस्ती कोणाला तरी वेळेवर सुचावी लागते.

प्लॉट क ने आधीच घेतला असेल तर क लाही प्रतिवादी करा आणि क ने ब सोबत खरेदीखतात सामील व्हावे अशी मागणी घाला. सर्वोच्च न्यायालयाने लाला दुर्गाप्रसाद विरुद्ध दीपचंद या 1954 च्या निकालात हीच रीत योग्य ठरवली. क चा बचाव विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम 19 मध्ये आहे : पैसे दिले, प्रामाणिकपणे दिले आणि आधीच्या कराराची माहिती नव्हती. इथे साठेखत नोंदणीकृत असल्याने तो बचाव क ला जड जाईल.

मागणीच्या बाबतीत आणखी दोन खड्डे आहेत. त्याच अधिनियमाच्या कलम 34 च्या परंतुकाप्रमाणे, म्हणजे अपवाद सांगणाऱ्या शेवटच्या भागाप्रमाणे, पुढचा दिलासा मागता येत असताना नुसती घोषणा मागितली तर ती मिळत नाही. जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आहे आणि वादी फक्त “मी मालक आहे असे ठरवा” म्हणतो, ताबा मागत नाही, अशा दाव्याचा निकाल काय लागेल हे पहिल्या दिवशीच सांगता येते. मालकीवरच खरा वाद असताना नुसती मनाई मागून भागते का, याचे सविस्तर उत्तर 2008 च्या अनथुला सुधाकर विरुद्ध पी. बुच्ची रेड्डी या निकालात आहे. पहिल्या वर्षी मुळातून वाचावा असा हा निकाल.

दुसरा खड्डा संहितेच्या आदेश 2 नियम 2 चा. एका वादकारणातून, म्हणजे ज्या तथ्यांवर दावा उभा राहतो त्यांतून, निघणारी सगळी मागणी एकाच दाव्यात घालावी लागते. संहितेतले उदाहरण वर्षाला 1200 रुपये भाड्याच्या घराचे आहे. 1905, 1906 आणि 1907 या तिन्ही वर्षांचे भाडे थकले, पण मालकाने 1908 मध्ये दावा लावला तो फक्त 1906 च्या भाड्याचा. उरलेल्या दोन वर्षांसाठी त्याला पुन्हा दावा लावता येत नाही.

तिसरी पायरी : कोणावर

ज्याच्याशिवाय हुकूमनामा देताच येत नाही तो आवश्यक पक्षकार. ज्याच्यामुळे वाद पूर्ण सुटायला मदत होते तो योग्य पक्षकार. योग्य पक्षकार राहून गेला तर दावा बुडत नाही. आवश्यक पक्षकार राहिला तर आदेश 1 नियम 9 च्या परंतुकामुळे बुडतो.

महाराष्ट्रात याचे नेहमीचे उदाहरण म्हणजे वाटपाचा दावा. भाऊ भावांवर दावा लावतात आणि लग्न होऊन गेलेल्या बहिणींना बाहेर ठेवतात. हिंदू उत्तराधिकार अधिनियमातील 2005 च्या दुरुस्तीनंतर आणि विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या 2020 च्या निकालानंतर मुलगी जन्मानेच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीची हिस्सेदार, आहे. तिला न जोडता वाटपाचा दावा चालवणे म्हणजे प्रतिवादीच्या हातात पहिला मुद्दा आयता देणे.

सरकारवर दावा असेल तर संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस आधी लागते. सहकारी संस्थेच्या कामकाजाशी संबंधित दाव्याला महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाचे कलम 164 तशीच दोन महिन्यांची नोटीस मागते.

चौथी पायरी : कुठल्या कोर्टात

संहितेचे कलम 9 सांगते की दिवाणी स्वरूपाचा प्रत्येक दावा दिवाणी कोर्टात चालतो, मात्र कायद्याने स्पष्टपणे किंवा गर्भितपणे मनाई केलेली नसावी. म्हणून आधी मनाई शोधा. मुंबईत घरमालक आणि भाडेकरू यांचा वाद भाडे नियंत्रण अधिनियम 1999 च्या कलम 33 मुळे लघुवाद न्यायालयात जातो. सहकारी संस्थेच्या कारभाराचा वाद सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 91 खाली सहकार न्यायालयात. शेतजमिनीत कूळ आहे की नाही हा प्रश्न कूळ कायद्याखाली महसूल यंत्रणेकडे. शेताच्या वाटेला अडथळा झाला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 खाली तहसीलदाराकडे जाता येते, पण अडथळ्यापासून सहा महिन्यांच्या आत.

मनाई नसेल तर तीन प्रश्न : विषय, रक्कम, जागा. कलम 15 प्रमाणे दावा चालवू शकणाऱ्या सर्वांत खालच्या कोर्टात लावायचा. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर आणि वरिष्ठ स्तर यांच्या रकमेच्या मर्यादा राज्य सरकार वाढवत असते, म्हणून अद्ययावत अधिनियम पाहूनच लिहा. जागेसाठी, स्थावर मिळकतीचा दावा कलम 16 प्रमाणे मिळकत जिथे आहे तिथे. पैशाचा किंवा कराराचा दावा कलम 20 प्रमाणे प्रतिवादी राहतो किंवा धंदा करतो तिथे, अथवा वादकारण पूर्णतः वा अंशतः घडले तिथे.

आपला अ पुण्यात दावा लावायला निघेल, कारण सगळे पुण्यात घडले. पण त्याला ताबाही हवा आहे, त्यामुळे दावा मिरजेच्या कोर्टात. हर्षद चिमणलाल मोदी विरुद्ध डीएलएफ या 2005 च्या निकालात गुडगावच्या प्लॉटसाठी दिल्लीत लावलेला असाच दावा अधिकारक्षेत्राबाहेरचा ठरला. करारात दिल्लीच्या कोर्टाचा उल्लेख होता, त्यानेही काही साधले नाही. दोन सक्षम कोर्टांपैकी एकाची निवड पक्षकार करू शकतात. जिथे अधिकारच नाही तिथे तो संमतीने निर्माण होत नाही.

जुन्या पुस्तकांत महाराष्ट्रापुरते असलेले कलम 9अ सापडेल, ज्यात अधिकारक्षेत्राचा मुद्दा प्राथमिक म्हणून आधी ठरवावा लागे. ते 2018 मध्ये वगळले गेले आहे.

गोव्यातील वाचकांसाठी एवढेच : प्रक्रिया हीच संहिता सांगते, पण वारसा आणि वैवाहिक मालमत्ता यांचा मूळ कायदा 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला आहे. वारसाहक्काचे वाटप तिथे इन्व्हेंटरी कार्यवाहीतून होते. वर दिलेले वाटपाचे उदाहरण तिथे जसेच्या तसे लावू नका.

पाचवी पायरी : मुदत मोजा, कागदावर मोजा

मुदत अधिनियमाचे कलम 3 कठोर आहे. प्रतिवादीने मुद्दा काढला नाही तरी मुदतबाह्य दावा कोर्टाने फेटाळायचाच आहे. आणि कलम 5 ची विलंबमाफी अपिलाला आणि अर्जांना आहे, दाव्याला नाही. विद्यार्थी हे शेवटचे वाक्य वाचतात आणि पेपरात विसरतात.

प्लॉटच्या दाव्याला अनुच्छेद 54 लागतो. तारीख ठरलेली असेल तर त्या तारखेपासून तीन वर्षे, ठरलेली नसेल तर नकार कळल्यापासून तीन वर्षे. इथे तारीख ठरली होती : 10 सप्टेंबर 2022. म्हणून शेवटचा दिवस 10 सप्टेंबर 2025. अ ने जून 2025 मध्ये वकिलामार्फत नोटीस दिली आणि ब ने जुलैमध्ये नकार कळवला, तरी घड्याळ जुलैपासून सुरू होत नाही. नोटिशीने मुदत वाढत नाही, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आता उसनवारीचे गणित करू. 15 जून 2022 रोजी अ ने ब ला 4 लाख उसने दिले, परतफेडीची तारीख ठरली नाही. अनुच्छेद 19 प्रमाणे कर्ज दिल्यापासून तीन वर्षे. कलम 12 प्रमाणे पहिला दिवस सोडायचा, म्हणून मुदत 15 जून 2025 ला संपते. त्या दिवशी रविवार. कलम 4 मुळे कोर्ट उघडण्याच्या दिवशी, सोमवार 16 जूनला दाखल केलेला दावा मुदतीत आहे. 17 जूनला तो मेला. “मागितल्यावर देईन” असे ठरले असले तरी अनुच्छेद 21 खाली मोजणी कर्जाच्या तारखेपासूनच होते, मागणीपासून नाही.

मुदत नव्याने सुरू होते ती दोन प्रसंगी. एक, मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने सही करून लेखी कबुली दिली तर, कलम 18. दोन, मुदत संपण्यापूर्वी काही रक्कम दिली आणि त्या भरण्याची नोंद देणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीने असेल तर, कलम 19. रोख 20 हजार दिले आणि धनकोने फक्त आपल्या डायरीत लिहिले, तर मुदत वाढली नाही. मुदत संपल्यावर दिलेली कबुली कलम 18 मध्ये बसत नाही. मग करार अधिनियमाच्या कलम 25(3) खाली, जुने देणे फेडण्याचे सहीचे लेखी वचन लागते. कबुली आणि वचन यांतला हा फरक प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांचा आवडता आहे.

मालकीच्या आधारे ताबा मागण्यासाठी अनुच्छेद 65 : प्रतिवादीचा ताबा विरोधी झाल्यापासून 12 वर्षे. मालकीचा प्रश्नच न उघडता, बेकायदा हुसकावल्याच्या कारणावर ताबा परत हवा असेल तर विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम 6 खाली सहा महिन्यांत दावा लावायचा. या दाव्यात खरेदीखते दाखवण्याची गरज नसते, पण तो सरकारविरुद्ध चालत नाही आणि त्यावर अपील नाही.

सहावी पायरी : वादपत्र

दावा ज्या कागदाने दाखल होतो ते वादपत्र. ते आदेश 7 नियम 1 ची यादी समोर ठेवून लिहा : कोर्ट, पक्षकारांची नावे आणि पत्ते, वादकारणाची तथ्ये आणि तारीख, अधिकारक्षेत्र, मागणी, मूल्यांकन. आदेश 6 नियम 2 चे सूत्र असे की तथ्ये लिहा, पुरावा लिहू नका, कायदा लिहू नका. “ब ने 10 मार्च 2022 रोजी साठेखत करून दिले” हे तथ्य. “साक्षीदार हजर होता, तो सांगेल” हा पुरावा, तो नंतर येतो. फसवणूक, दबाव असे आरोप मात्र आदेश 6 नियम 4 प्रमाणे तपशिलाने लिहावे लागतात. “प्रतिवादीने लबाडीने कागद केला” एवढ्यावर काही उभे राहत नाही.

प्लॉटचे वर्णन गट किंवा सिटी सर्व्हे क्रमांक, क्षेत्र आणि चतुःसीमा देऊन करा. चतुःसीमेत पूर्व-पश्चिम उलटली तर हुकूमनामा मिळूनही बेलिफाला ताबा देता येत नाही.

पूर्ततेच्या दाव्यात आणखी एक गोष्ट हवीच. अ आपला भाग पार पाडायला कराराच्या तारखेपासून आजपर्यंत तयार आणि राजी होता, हे विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम 16(क) प्रमाणे दाखवावे लागते. 2018 च्या दुरुस्तीने वादपत्रात तसे लिहिण्याचा शब्द काढला, शाबीत करण्याची जबाबदारी ठेवली. तरी लिहाच. संहितेच्या अपेंडिक्स ए मधील नमुना 47 आणि 48 त्यासाठीच आहेत. तयारी म्हणजे पैशाची ताकद : बँकेचे खाते, मंजूर कर्जाचे पत्र. राजी असणे वागण्यातून दिसते : पाठवलेली पत्रे, दुय्यम निबंधक कार्यालयात हजर राहिल्याचा कागद. 25 लाख घरात रोख ठेवलेले दाखवण्याची गरज नाही.

मूल्यांकन आणि कोर्ट फी महाराष्ट्र न्यायालय शुल्क अधिनियमाप्रमाणे. पूर्ततेच्या दाव्यात ती कराराच्या मोबदल्यावर, म्हणजे 30 लाखांवर बसते, उरलेल्या 25 लाखांवर नाही. फी कमी पडली तर कोर्ट भरायला वेळ देते, न भरल्यास आदेश 7 नियम 11 खाली वादपत्र नामंजूर. याच नियमाखाली वादकारणच दिसत नसेल किंवा दावा कायद्याने निषिद्ध असेल तरी वादपत्र नामंजूर होते. तेव्हा कोर्ट फक्त वादपत्र आणि त्यासोबतचे कागद वाचते, प्रतिवादीची बाजू बघत नाही. अधिकारक्षेत्र चुकले तर मात्र नियम 10 खाली वादपत्र योग्य कोर्टात लावण्यासाठी परत मिळते. नामंजूर होणे आणि परत मिळणे यांत गल्लत करू नका.

दावा दाखल झाला की महाराष्ट्रात आणखी एक काम लगेच करायचे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम 52 म्हणते की दावा चालू असताना मिळकत विकली तरी घेणारा निकालाला बांधलेला राहतो. आपल्याकडील स्थानिक दुरुस्तीमुळे हे संरक्षण दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवली तरच मिळते. नोंदवली नाही आणि ब ने प्लॉट विकला, तर अ ला कलम 52 चा उपयोग होणार नाही.

निशाणी 5

वादपत्रासोबत तात्पुरत्या मनाईचा अर्ज येतो. आपल्या कोर्टांत त्याला सहसा निशाणी 5 म्हणतात. आदेश 39 खाली तीन कसोट्या : प्रथमदर्शनी प्रकरण, सोयीगैरसोयीचे पारडे आणि पैशाने भरून न येणारे नुकसान. तिन्ही लागतात. प्रतिवादीला न ऐकता मनाई दिली तर कोर्टाने कारणे लिहायची असतात आणि अर्जदाराने अर्ज, प्रतिज्ञापत्र, वादपत्र यांच्या प्रती त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी प्रतिवादीला पाठवून तसे प्रतिज्ञापत्र द्यायचे असते. हे राहिले की मिळालेली मनाई पुढच्या तारखेला जाऊ शकते. ब ला उलट भीती असेल की अ अचानक मनाई आणेल, तर तो संहितेच्या कलम 148अ खाली कॅव्हेट, म्हणजे मला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नये असा अर्ज, दाखल करतो. ती 90 दिवस टिकते.

सातवी पायरी : लेखी कैफियत

प्रतिवादीने वादपत्राला दिलेले लेखी उत्तर म्हणजे कैफियत. ती देण्यासाठी समन्स मिळाल्यापासून 30 दिवस, कारणे नोंदवून 90 दिवसांपर्यंत. साध्या दाव्यात ही 90 ची मर्यादा बंधनकारक नसून मार्गदर्शक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये ठरवले, पण विलंबासाठी खर्च बसतो. व्यावसायिक दाव्यात 120 दिवस उलटले की हक्कच संपतो.

आपल्याकडच्या कैफियतींत एक वाक्य प्रत्येक परिच्छेदाला चिकटवलेले असते : “वादपत्रातील कलम 3 मधील मजकूर खोटा व लबाडीचा असून प्रतिवादीस मान्य व कबूल नाही.” आदेश 8 चे नियम 3 ते 5 वाचले तर कळते की असा मोघम नकार धोक्याचा आहे. जे तथ्य नेमकेपणाने नाकारले नाही ते कबूल धरले जाऊ शकते. ब ने लिहायला हवे : साठेखत झाले हे मान्य, इसार 5 लाख मिळाला हे मान्य, पण 10 सप्टेंबर 2022 ला अ कडे पैसे नव्हते आणि तो निबंधक कार्यालयात आला नाही. आता भांडण कशाचे आहे ते दिसले. स्वतःची काही मागणी असेल तर प्रतिदावा नियम 6अ खाली.

ब हजरच झाला नाही तर दावा एकतर्फी चालतो. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घ्यायला आदेश 9 नियम 13 खाली दोनच कारणे चालतात : समन्स रीतसर बजावले नव्हते, किंवा हजर न राहण्यास पुरेसे कारण होते. मुदत 30 दिवस.

आठवी पायरी : मुद्दे आणि पुरावा

एकाने म्हटले आणि दुसऱ्याने नाकारले, तो मुद्दा. कोर्ट आदेश 14 खाली मुद्दे काढते आणि प्रत्येकाचा भार कोणावर ते ठरते. साक्ष्य अधिनियमाच्या कलम 104 चे तत्त्व साधे आहे : जो म्हणतो त्याने शाबीत करावे. अ ची तयारी अ ने शाबीत करायची. क ची अनभिज्ञता क ने.

सरतपास, म्हणजे आपल्याच साक्षीदाराचा जबाब, आदेश 18 नियम 4 प्रमाणे प्रतिज्ञापत्राने होते, उलटतपास तोंडी. कागद हजर करणे म्हणजे तो शाबीत होणे नव्हे. कागदाला निशाणी क्रमांक पडला तरी मजकूर खरा ठरला असे नाही, हे नव्या वकिलांनाही उशिरा उमगते. मुद्रांक कमी असेल तर कागद पुराव्यात येत नाही, तुटीचे शुल्क आणि दंड भरावा लागतो. महाराष्ट्रात ताबा देणाऱ्या साठेखतावर खरेदीखताइतके मुद्रांक शुल्क लागते, आणि नेमका तोच कागद कमी मुद्रांकावर केलेला सापडतो. सातबारा आणि फेरफार यांच्याबद्दल सरधोपट समज असा की नाव लागले म्हणजे मालकी आली. महसूल नोंद विरुद्ध शाबीत होईपर्यंत खरी मानली जाते, पण ती हक्क निर्माण करत नाही.

नववी पायरी : हुकूमनामा, अपील, दरखास्त

न्यायनिर्णय म्हणजे कारणे. हुकूमनामा म्हणजे पक्षकारांचे हक्क अंतिमपणे ठरवणारा भाग. अंमलबजावणी हुकूमनाम्याची होते. एकदा अंतिम ठरलेला मुद्दा त्याच पक्षकारांत पुन्हा काढता येत नाही, हे संहितेच्या कलम 11 चे प्राङ्न्यायाचे तत्त्व. आधीचा दावा अजून चालू असेल तर नंतरचा थांबतो, ते कलम 10.

पहिले अपील जिल्हा न्यायालयात 30 दिवसांत, उच्च न्यायालयात 90 दिवसांत. नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस वजा होतात. नक्कल अर्जच उशिरा दिला तर ते उशिराचे दिवस वजा होत नाहीत. म्हणून निकालाच्या दिवशीच नक्कल अर्ज द्या. दुसरे अपील कलम 100 खाली फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर. अपील दाखल झाल्याने अंमलबजावणी आपोआप थांबत नाही, आदेश 41 नियम 5 खाली स्थगिती मागावी लागते.

पैशाच्या हुकूमनाम्यावर निकालानंतरचे व्याज संहितेच्या कलम 34 प्रमाणे साधारणपणे द.सा.द.शे. 6 पर्यंत, व्यापारी व्यवहार असेल तर त्याहून जास्त देता येते.

समजा अ जिंकला. कोर्ट म्हणाले : दोन महिन्यांत 25 लाख जमा करा, मग ब ने खरेदीखत करून द्यावे. आता चूक अ करू शकतो. दिलेल्या किंवा वाढवून घेतलेल्या मुदतीत पैसे भरले नाहीत, तर विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम 28 खाली ब करारच रद्द करून मागू शकतो. पैसे भरूनही ब सही करत नसेल तर अ ने दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करायची. आदेश 21 नियम 34 खाली मसुदा ब ला बजावला जातो आणि हरकत ऐकल्यावर कोर्टच त्याच्या वतीने खरेदीखत करून देते. नंतर नियम 35 खाली बेलिफ ताबा देतो. ताब्याच्या वेळी तिसराच कोणी आडवा आला तर नियम 97 खाली अर्ज करायचा. त्याच्या हक्काचा निर्णय त्याच दरखास्तीत होतो, वेगळा दावा लागत नाही. या सगळ्याला मुदत अधिनियमाच्या अनुच्छेद 136 ची 12 वर्षे मिळतात. काही करून देण्याचा, म्हणजे आज्ञार्थक मनाईचा हुकूमनामा असेल तर मात्र अनुच्छेद 135 प्रमाणे फक्त तीन.